न्हाणीचा रंग

"हा तर मेलेल्या उंदराचा रंग आहे," आक्का म्हणाल्या.

बाबालालनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. न्हाणीच्या भिंतीवर, टाइल्स संपतात तिथून वर, त्यानं वहीच्या पानाएवढा करडा पट्टा ओढला होता. शेडकार्डावर या रंगाला धुक्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं आणि कार्डावर तो दिसतही होता धुक्यासारखा. भिंतीवर आल्यावर मात्र, खोटं कशाला बोलू, मलाही उंदीरच आठवला.

"ओला हाय अजून, आक्का. वाळू दे की जरा," बाबालाल म्हणाला. "ओल्या रंगाचा निकाल देऊ नये."

"वाळल्यावर वाळलेला उंदीर होईल."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. मिरजेच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवली होती, त्यामुळे रंगाला नंबर असतो हीच गोष्ट त्यांना पटत नसे. त्यांच्या लेखी रंग म्हणजे मोतिया, अंजिरी, आमसुली, श्रीखंडी, गुलबक्षी. न्हाणीच्या दारासमोर वेताची खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. उजव्या भुवईवर चार टाक्यांची खूण अजून लालसर होती. न्हाणीत त्या पाऊल टाकत नव्हत्या. उंबऱ्याच्या अलीकडे बसून एकेका रंगाची वासलात लावत होत्या.

या गोष्टीला आता वीसएक वर्षं झाली. पण कुणी भिंतीवर नमुन्याचा पट्टा ओढताना दिसलं, की अजूनही तो वाळेपर्यंत मी तिथून हलत नाही.

त्याच्या तीन आठवडे आधी आक्का याच न्हाणीत पडल्या होत्या. कपाळ नळावर आपटलं, खुब्याला मुका मार बसला. हाड मोडलं नाही हे नशीब; सरपटत येऊन आतली कडीही त्यांनीच काढली. शेजारच्या मगदूमांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? आक्का म्हणाल्या, "चक्कर आली."

चक्कर म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. डॉक्टरांनी चकरेच्या गोळ्या दिल्या. एकटीनं अंघोळ करायची नाही, दाराला आतून कडी लावायची नाही, बाहेर कुणीतरी उभं राहायचं, असं बजावलं. माझ्या नवऱ्यानं, विद्याधरनं, घरी आल्या आल्या स्वतःच्या हातानं न्हाणीची कडी उचकटून टाकली. दाराला स्क्रूंची चार भोकं तेवढी राहिली.

आक्कांनी ती भोकं बघितली आणि जाहीर केलं, "दार उघडं टाकून मी अंघोळ करणार नाही. कडी बसवा, मग जाते."

"आई, अगं आत परत चक्कर आली तर?" विद्याधर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आक्का आपल्या खोलीत पाटावर बसून ओल्या पंच्यानं अंग पुसून घ्यायला लागल्या. गोळ्यांनी दिवसभर पेंगायच्या. चालताना भिंतीला हात लावायला लागल्या, जो त्यांनी पडायच्या आधी कधी लावला नव्हता.

बडोद्याहून नणंदेचा, उज्ज्वलाताईंचा, रोज फोन. त्यांचं ठाम मत होतं की दाराचं नुसतं निमित्त आहे, आईच्या मनात न्हाणीची भीती बसलीय. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की न्हाणीघराला सौम्य, दबके रंग दिले की मन शांत होतं, भीती जाते. "तो भडक निळा ऑइलपेंट आधी काढून टाका, हेमा. बघून मलाच कापरं भरतं. असा काहीतरी निवांत रंग द्या. मी रविवारी येते. तोपर्यंत ती आत जायला लागली तर ठीकच. नाहीतर मी तिला बडोद्याला घेऊन जाते, कायमची. आमच्याकडे दिवसभराची बाई ठेवू."

बडोद्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. आक्का तिथं लग्नामुंजीला चार दिवस जायच्या आणि पाचव्या दिवशी भांडून परत यायच्या.

इथं मिरजेत रोज चार वाजता आमच्या गल्लीतल्या सहा-सात मुली त्यांच्याकडे शिवण शिकायला यायच्या. त्या बुधवारी, उंदराच्या रंगाच्या दिवशी, आक्कांनी मुलींना सांगितलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "सोमवारपासून येऊ नका गं. ज्यांचं ब्लाउज अर्धं राहिलंय त्यांनी या दोन दिवसांत पुरं करून घ्या." मुली गेल्यावर त्यांनी मशीनच्या पायट्यात तेल घातलं, जुन्या लुगड्याचं पांघरूण घातलं आणि त्याची टोकं खाली गाठ मारून बांधली.

वाचनालयातल्या नोकरीतून मी रजा टाकली होती आणि रंग निवडत होते. अगदी जिवाच्या आकांतानं निवडत होते. सगळे कौतुक करत होते, सून सासूसाठी बघा किती करते म्हणून. कौतुक ऐकलं की मी तिथून उठून जायची.

गुरुवारी बाबालालनं फिका, करडसर पिस्ता लावला.

"सरकारी दवाखाना," आक्का म्हणाल्या. "आत गेलं की कुणीतरी सुई टोचेल."

दुपारी मातकट गुलाबी लावला. हा मला खरंच आवडला होता. संध्याकाळच्या उन्हात देवळाचा दगड दिसतो तसा होता.

आक्कांनी मान तिरकी करून बराच वेळ बघितला. मला आशा वाटायला लागली.

"कवळीचा रंग," त्या म्हणाल्या.

बाबालाल इतका हसला, की शिडीला धरून उभा राहिला. हा माणूस गल्लीतली निम्मी घरं रंगवलेला. तोंडानं फटकळ पण हातानं गुणी. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून भिंत त्यानं आरशासारखी केली होती. पण आता तोही जेरीला आला.

"वैनी, उद्याच्याला ठरलं नाही तर माझ्यानं होत न्हाई बगा. दोन हात द्यायचेत. मधी वाळाय नको? आईतवारी ताई येणार म्हणताय. ओल्या भितीत काय त्यांची आरती वोवाळायची?"

"आक्का, तुम्हीच सांगा ना कुठला हवा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "इथं कार्डावर दोनशे रंग आहेत."

"रंगानं काय होतंय गं?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या तीन आठवड्यांत त्या माझ्याकडे अशा बऱ्याचदा बघायच्या. मी दर वेळी डाळ बघायला, दूध बघायला निघून जायची.

शुक्रवारी सकाळी बाबालालनं शेडकार्ड पिशवीत टाकलं. "हे कारड शान्या लोकांसाठी हाय. आता मी माझ्या मनानं करतो." पांढऱ्या रंगात त्यानं स्टेनरचे थेंब सोडले. थोडा पिवळा, थोडा तपकिरी, काळ्याचं नुसतं बोट. काठीनं ढवळत राहिला, पुन्हा एक थेंब, पुन्हा ढवळ. मग खाली वाकून टाइल्सना लागून, नळाच्या डाव्या बाजूला एक रुंद पट्टा ओढला. पाणी घातलेल्या मातीसारखा फिकट, साधा रंग होता. चारचौघांत उठून दिसेल असं त्यात काही नव्हतं.

आक्का या वेळी काहीच बोलल्या नाहीत. उंदीर नाही, दवाखाना नाही, काही नाही.

"जुम्मा हाय आज," बाबालाल हात पुसत म्हणाला. "नमाज पढून, जेवून येतो. तवर वाळंल. वाळल्याबिगर बोलू नका, आक्का, तुमाला शपथ हाय."

तो गेला. जिन्यातला त्याच्या चपलांचा आवाज थांबला, तशा आक्का खुर्चीतून उठल्या. मी आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी लुगडं जरा वर उचललं, उंबरा ओलांडला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा न्हाणीत गेल्या. सरळ चालत गेल्या. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. बाबालालचं स्टूल ओढून पट्ट्यासमोर बसल्या.

"ओळखीचा रंग आहे," त्या म्हणाल्या.

"दूध जास्त झालेल्या चहाचा," मी घाईनं म्हटलं. आज काही वाईट नाव पडायच्या आत मला चांगलं नाव द्यायचं होतं.

"नाही. रिठ्याच्या पाण्याचा."

मी दारात उभी होते. चौकट धरली.

"रात्रभर रिठे भिजवून सकाळी कुस्करले की पाणी असंच होतं बघ," आक्का पट्ट्याकडे बघत म्हणाल्या. "रेशमाला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण शहाबादी फरशीवर सांडलं तर डोळ्यांना दिसत नाही. फेस बसला की नुसती ओली फरशी वाटते. म्हणून मी मुलींना सांगायची, रिठा ओतला की..."

"वरून दोन बादल्या पाणी," मी म्हटलं.

ते मला त्यांनीच शिकवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी रेशमी साडी साबणानं धुवायला निघाले होते, आणि आक्कांनी ती हातातून काढून घेऊन मला याच न्हाणीत बसवून रिठा शिकवला होता. आक्का पडल्या त्या दिवशी सकाळी माझ्या आमसुली साडीवर वरणाचा डाग पडला होता. ती मी रिठ्यात धुतली, घमेलं फरशीवर उपडं केलं आणि तेवढ्यात फोन वाजला. वाचनालयातून होता, कुठल्याशा किल्ल्या सापडत नव्हत्या. मी बोलत राहिले. बोलता बोलता मागं आक्कांनी कडी लावल्याचा आवाज आला. तो मी ऐकला. ऐकूनही मला काही आठवलं नाही. मग तो दुसरा आवाज आला.

"आक्का," मी म्हटलं.

"पडले तेव्हा माझं लुगडं सगळं त्यात भिजलं होतं," त्या म्हणाल्या. "गाडीत मला रिठ्याचा वास येत होता. तीस वर्षं ज्या वासात काढली तो ओळखू येणार नाही होय?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. एकदा बसल्यावर मात्र सगळं बाहेर आलं. फोन आला तेही आणि त्याच्या पुढचंही, जे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, तुम्ही व्हा पुढं, मी घर बंद करून येते. घर बंद करायला दोन मिनिटं पुरतात. मी आधी न्हाणीत गेले होते. ज्या दोन बादल्या आधी ओतायच्या होत्या त्या मी नंतर ओतल्या. फरशी खराट्यानं घासली. साडी बादलीत घालून पलंगाखाली सरकवली. मग दवाखान्यात गेले, आणि तुम्ही चक्कर म्हणालात ते ऐकून, आक्का, मला बरं वाटलं. तुमच्या कपाळातून रक्त येत होतं आणि मला बरं वाटलं.

हे बोलताना मी हुंदके देत होते. आक्कांनी मला रडू दिलं.

"तुम्ही का म्हणालात चक्कर?" शेवटी मी विचारलं.

"तुझं तोंड बघितलं. भूत बघितल्यासारखं झालं होतं. विद्याधर कसा आहे ते मला माहीत नाही का, जन्मभर बोलून दाखवलं असतं त्यानं. म्हटलं, चक्कर म्हणावं आणि विषय संपवावा. चकरेचा कुणाला राग येत नाही." त्यांनी पदरानं कपाळावरची खूण चोळली. "पण त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, कडी काढावी लागते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. एवढीशी थाप, आणि ती मला बडोद्याला घेऊन चालली."

"मग सांगून टाकायचं ना! माझं काय व्हायचं ते झालं असतं."

"मी सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती. तुझं तू सांगायचं होतंस. मी वाट बघत होते, हेमा. मला वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल. तू आपली रंग दाखवत राहिलीस. रोज नवा रंग! दार तर उघडंच राहणार होतं, मग भिंत कवळीच्या रंगाची काय आणि मोरपंखी काय."

मला रडता रडता हसू आलं. कवळी त्या अशा गंभीरपणे म्हणाल्या होत्या. माझं हसू बघून त्यांनाही आलं, आणि त्या रिकाम्या, रंगाचा वास भरलेल्या न्हाणीत आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत बसलो. तीन आठवडे छातीवर बसलेला धोंडा उठून गेला. इतकं हलकं मला माहेरी गेल्यावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

"वाळला बघ," आक्का म्हणाल्या. पट्टा खरंच वाळला होता. ओला असताना गढूळ वाटणारा रंग वाळून दोन छटा उजळ झाला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "हाच देऊ दे त्याला. चांगला आहे. रिठा भिंतीवर असू दे, फरशीवर नको."

संध्याकाळी विद्याधर ऑफिसातून आला. मी चहासुद्धा न देता सगळं सांगितलं. आक्का शेजारी बसल्या होत्या, पण मधे एक शब्द बोलल्या नाहीत. विद्याधरनं ऐकून घेतलं. एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि नुकतेच काढलेले बूट परत घालून बाहेर गेला.

तासाभरानं तो आला. हातात हार्डवेअरच्या दुकानातली पिशवी होती. त्यात नवी पितळी कडी आणि न्हाणीत टाकायची रबरी चटई होती.

"स्क्रू-ड्रायव्हर कुठाय?" त्यानं विचारलं.

मी आणून दिला. दारापाशी बसून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पाणी ओतलंस ते ओतलंस. मला सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"माझी?"

मी हो म्हटलं. त्याचा हात क्षणभर थांबला, मग तो पुन्हा स्क्रू पिळायला लागला. पुढचे आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते मला चाललं. न बोलण्याचं कारण उघड्यावर होतं, ते मला लपवावं लागत नव्हतं.

शनिवारी आक्का स्वतः डॉक्टरांकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून आल्या. डॉक्टरांनी त्यांना उभं केलं, गोल फिरवलं, डोळे मिटून चालायला लावलं, रक्तदाब बघितला.

"मग तीन आठवडे मी कशावर औषध देत होतो?" ते वैतागून म्हणाले.

"खोटं बोलण्यावर," आक्का म्हणाल्या. "गुण आला बघा."

गोळ्या बंद झाल्या. घरी बाबालालनं दुसरा हात मारला. या रंगाचा नंबर किती म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "नंबर कुठला, वैनी? हा हाताचा रंग हाय. परत मागितला तर मलाबी जमायचा न्हाई."

रविवारी सकाळी उज्ज्वलाताई आल्या. पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. बॅग खाली ठेवायच्या आधी त्या न्हाणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. झरोक्यातून ऊन येत होतं आणि भिंती दुधावरच्या सायीसारख्या निवांत दिसत होत्या.

"अगं बाई, किती शांत वाटतंय इथं!" त्या म्हणाल्या. "बघ हेमा, मी म्हटलं नव्हतं, रंगानं फरक पडतो म्हणून?"

"ताई, तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "रंगाचं नाही ते."

"आधी माझी अंघोळ," आक्का मधेच म्हणाल्या. खांद्यावर पंचा, हातात धुतलेलं लुगडं. "मग काय सांगायचं ते सांगा एकमेकींना."

"आई, मी येऊ का आत? दार लोटून..." ताई पुढं झाल्या.

आक्का आत गेल्या. दार लागलं. आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला, नव्या पितळेचा, खणखणीत.

ताईंनी घाबरून माझा हात धरला. मी त्यांना तिथंच वेताच्या खुर्चीत बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. आत बादलीत तांब्या बुडत होता. आक्का काहीतरी गुणगुणत होत्या. रिठा, फोन, खराटा, सगळं मी सांगत गेले, आणि ताईंचा हात माझ्या हातात आधी घट्ट झाला, मग सैल पडला, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

मग अंघोळीचा आवाज थांबला. एक बादली फरशीवर सपकन ओतली गेली. थोड्या वेळानं दुसरी.

कडी निघाली. ओले केस पंच्यात गुंडाळलेल्या आक्का दारात उभ्या राहिल्या.

"फरशी धुतलीय गं," त्या म्हणाल्या. "या आता, कुणीही या. आणि हेमा, त्या मुलींना निरोप पाठव. उद्या चार वाजता यायचंय म्हणावं."